शिरीषचे नवे बूट

रविवार, १६ ऑगस्ट, अर्विंग

झुरळ पाहून खुर्चीवर चढणारा माझा शिरीष म्हणे मेन राज्यात मूस मारायला जाणार. मूस म्हणजे रेड्याएवढं सांबर. "आई, परवान्यासाठी नुसता अर्ज केलाय. बाहेरच्या राज्यातल्यांचा नंबर ड्रॉमध्ये क्वचितच लागतो." मग बर्फातले बूट आधीच का आणले? "सेल होता." टेक्ससच्या या उकाड्यात तेच बूट घालून घरभर फिरतोय, सवय व्हावी म्हणून. शिकार कधी, विचारलं तर "बघू." पितृपक्षात तर नाही? त्याच्या बाबांचं श्राद्ध कोण करणार, तो मूस?

इथपर्यंत मी सांगत होते ते सूनबाई माझ्या डायरीत भराभर लिहून घेत होती. म्हटलं, "आता लिही, नंबर लागलाय आणि श्राद्धाच्या दिवशी शिरीष घरात नसणार."

तिचं पेन थांबलं. "आई, हे शिरीषलाच विचारा ना."

विचारायचं काय राहिलं आता?