अबोली की गुलबाक्षी

सांगली, ता. ६ मार्च १९४६

ती. सौ. भामाक्का हिस,
धाकट्या भावाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

आक्का, माझं सगळं बदललं ते तुझ्या नणंदेनं, लीलानं, भाऊसोमामांच्या दुकानाच्या फळीवर डाव्या हाताची करंगळी ठेवली, त्या घडीला. तोवर मी साधा माणूस होतो. कॉलेज अर्ध्यात सोडलेला, डोक्यानं गरम, पण साधा. आता गिऱ्हाईक गंगावन मागतं आणि मी साबण काढून देतो. मामा म्हणतात, बेचाळीस साली पोरगं देशापायी बिघडलं असं चारचौघांत सांगता तरी येत होतं, आता कशापायी बिघडलं म्हणून सांगू?

तू, तुझ्या सासूबाई आणि लीला कापड घ्यायला आला होता त्या दिवशीचं म्हणतोय. तू लुगडी बघत बसलीस. लीलानं बाटल्यांत काय आहे ते विचारलं. नखाला लावायचा रंग आहे म्हटलं, तर तिचा विश्वास बसेना. मग मी करंगळीचं नख रंगवून दाखवलं. तिनं नख उन्हात धरलं, माझ्याकडं बघितलं, आणि वाकून नमस्कार करून गेली! आक्का, मुलगी उगीच कुणाच्या पाया पडते का?

उन्हाळ्याचा माल निवडायचं काम मामांनी माझ्यावर टाकलंय. माझं म्हणणं असं की गडद रंग थंडीत शोभतो, उन्हात तोच डोळ्याला भाजतो. चैत्र-वैशाखात नखं कशी माठातल्या पाण्यासारखी गार दिसली पाहिजेत. म्हणून पाटणच्या मोटारीवरच्या कोंडीबा ड्रायव्हरबरोबर एक अबोली आणि एक फिका गुलाबी पाठवतोय. गुलबाक्षी घातलीय ती नुसती खोका भरायला. माझं नाव न काढता तिन्ही लीलापुढं ठेव आणि ती कुठली उचलते ते कळव. अबोली उचलली तर दोघांची मनं एक आहेत असं मी समजेन.

दाजींना नमस्कार. तुझी माया आहेच, या खेपेला तेवढी जास्त पाठव.

तुझा,
आकाराम

*

पाटण, ता. १४ मार्च १९४६

चि. आकाराम यास भामाक्काचे पोटभर आशीर्वाद.

बाटल्या पोचल्या. एकबी फुटली न्हाई, फुटलंय ते फकस्त तुझं डोकं. सासूबाईंनी वास घेतला आणि ह्यो देवी टोचायच्या औषधाचा वास हाय म्हणून पदर नाकाला लावला. तुझे दाजी म्हणाले, बुटाला लावायचं आसंल. नखाला लावतात म्हटल्यावर, उरलं तर बैलाच्या शिंगांना ठेवा म्हणाले.

आता त्या नमस्काराचं ऐक. अरं येड्या, बांगड्या भरून झाल्या की आपण बायका कासाराच्या पाया पडतो का न्हाई? तू हात धरलास, बोट रंगवलंस, पोरीनं रीत पाळली. सासूबाईंनी ते बघितलंय. त्या म्हणतात, पोरगं गुणाचं हाय, कासारागत, म्हणजे घरच्या वडीलधाऱ्यागत. घे! नवरदेव व्हायला निघाला हुतास, लीलाचा काका होऊन बसलास.

लीलानं अबोली उचलली न्हाई. पायाच्या तीन बोटांना तिनं तीन रंग लावले आणि उसात खुरपायला गेली. सांजच्याला पाय धुतले तवा दोन फिके रंग कुठं लावले हुते तेबी कळंना. गुलबाक्षी तेवढी ठसठशीत. ती म्हणती, फिक्कं लावून उपेग काय? लावलंय तर दिसू दे की.

हसून झालं, आता काळजीचं लिहिते. म्हसवडचा सयाजी म्हणून एक हवालदार लढाईवरनं परत आलाय. त्याच्या घरची माणसं पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी लीलाला बघायला येणार हायत. तुझ्या दाजींनी अजून हो म्हटलेलं न्हाई, पण न्हाईबी म्हटलेलं न्हाई.

उन्हाचं टोपी घालून फिर. आठवण काढत जा, पण अशी वेड्यासारखी नको.

तुझी,
भामाक्का

*

सांगली, ता. १८ मार्च १९४६

ती. सौ. आक्कास,
संतापलेल्या भावाचा नमस्कार.

मी कासार नाही! काका तर मुळीच नाही! तुझ्या सासूबाईंना हे माझ्या वतीनं सांग. नको, सांगू नको, त्या रागावतील.

आणि तो हवालदार! त्यानं पाच वर्षं खाकीशिवाय रंग बघितलाय का? अबोली कशाला म्हणतात विचार त्याला. आता हसशील, पण मला रात्रंदिवस तो माणूस दिसतोय. त्याला मोठमोठ्या मिशा आहेत. असतीलच.

आक्का, दाजींच्या कानावर तू घाल. म्हणजे थेट नको. जेवताना सहज विषय काढ, की सांगलीत आमचा आकाराम आहे, त्याचंही आता बघायला पाहिजे. मी सांगितलं असं म्हणू नकोस. ते नाही म्हणाले तर आपण विचारलंच नव्हतं असं करता आलं पाहिजे.

लीलाची आवड मला पटलेली नाही. भर उन्हाळ्यात गुलबाक्षी म्हणजे दुपारी शेकोटी. सोबत मोतिया रंगाची बाटली पाठवतोय, ती नीट लावून बघायला सांग. दोनदा लावली की दिसते.

रागाच्या भरात कमीजास्त लिहिलं असेल तर पोटात घाल.

आकाराम

*

पाटण, ता. २५ मार्च १९४६

चि. आकाराम यास आशीर्वाद, आणि एक धपाटा.

पुन्हा फिकीच बाटली! गड्या, रंगाचं जाऊ दे, तुझं बोलणंबी त्याच बाटलीतलं हाय. दोनदा लावावं तवा दिसतं.

तू सांगितलंस तसं मी जेवताना सहज विषय काढला. तुझे दाजी काय खुळे न्हाईत. भाकरी मोडता मोडता म्हणाले, ह्या पोरानं कॉलेज अर्धं सोडलं, आता मागणीबी अर्धीच घालतोय का? सासूबाई लगेच म्हणाल्या, पोरगी ज्याच्या पाया पडली त्याला कशी द्यायची, तो कासारासारखा.

तवा लीला ताक वाढत हुती. तिनं मान खालीच ठेवली आणि म्हणाली, आई, कासार हात धरतो तवा बांगडीकडं बघतो. ह्यो माझ्याकडं बघत हुता. मला हसू आवरंना म्हणून मी तवा खाली वाकले, पाया पडाय न्हवं.

मग तुझे दाजीच हसले. पण हसले म्हणजे हो म्हटले असं समजू नको. ते म्हणाले, विचारायचंय तर माझ्यापुढं उभं राहून विचारू दे, म्हसवडची माणसं यायच्या आत. नंतर मी ऐकायचा न्हाई, पाहुण्यांना आवतण दिलंय.

आपले आबा न्हाईत, तवा वडिलांच्या जागी मामांना संगं आण. बाटल्या आणू नको. लीलानं निरोप बिरोप काय दिलेला न्हाई, पण काल पायांची सगळी नखं रंगवून अंगणात फिरत हुती.

वाट बघणारी,
भामाक्का

*

सांगली, ता. ३१ मार्च १९४६

ती. सौ. आक्कास,
सा. न. वि. वि.

हे पत्र पोचायच्या आधी मीच पोचेन. तरी लिहितोय, कारण मामा आत फेटा बांधताहेत, तीनदा सोडून पुन्हा बांधला, आणि माझे हात गप्प राहत नाहीत.

मामा आधी येईनात. म्हणाले, धंदा नीट कर, मग बायकोचं बघ. मी भांडलो. फळीवर मूठ आपटली, काचेच्या बांगड्यांचा एक जुडगा गेला. मग खाली बसलो आणि साधं सांगितलं की मामा, मला तीच पाहिजे, आणि मला एकट्याला तिथं जायची भीती वाटते. ते उठले आणि पेटीतला कोट काढायला गेले.

दाजींना काय सांगायचं ते घोकून ठेवलंय. लीला मला द्या. दुकानात मन लावेन. कॉलेज सोडलं तसं हे सोडणार नाही. एवढंच आहे, पण मोठ्यानं म्हणायला गेलं की दुसऱ्याच वाक्याला अडतो आणि परत पहिल्यापासून सुरू करतो. नाही म्हणाले तर मान खाली घालून परतीच्या मोटारीत बसेन, तुझ्यावर रुसणार नाही. पण हो-नाही जे होईल ते माझ्या तोंडावर होऊ दे.

मामांनी फेटा एकदाचा बांधला. रस्त्यातनं हाका मारताहेत, मोटार कुणाची वाट बघत नसते म्हणून. तुझा लोभ तुझ्या घरी पोचल्यावर हातीच घेईन. चाललो. दुकानाचं दार लावून घेतो.

आकाराम