रबर कोरडं पडू द्यायचं नाही

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. लग्न ठरल्यावरही लिहिलं नव्हतं. तुम्ही घाटकोपरला, मी मामाकडे भांडुपला, मध्ये दोन स्टेशनं. पत्र कशाला लागणार! आज लिहितेय, कारण उद्या सकाळी तुमची ती चाकांवरची खोली न्यायला माणसं येणार आहेत. सांगायला दुसरं कुणी नाही, म्हणून तुम्हालाच सांगते.

मंगळवारी ताई गेली.

आता ती गाडी कोणासाठी ठेवू? जीप अभिजितने केव्हाच विकली. मागे जोडायची खोली तेवढी मुलुंडच्या आपल्या कंपाउंडमध्ये, आंब्याखाली, विटांवर टेकून उभी आहे. सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये तिचा विषय निघतो. मी दर वेळी म्हणायची, ताईकडे एकदा जाऊन येऊ द्या, मग काढते. आता कुणाचं नाव सांगून वेळ मागू?

तुम्हाला आठवतं ना, ही सगळी भानगड माझ्यामुळे सुरू झाली. अभिजितच्या बाळंतपणापासून माझं हे दुखणं. लागली की लागली, थांबवता येत नाही. गुडघे गेल्यापासून खाली बसता येत नाही, ते वेगळंच. त्या गणपतीत कोकणच्या ट्रेनमध्ये काय झालं, ते आपण दोघांनी पुन्हा कधी तोंडावर आणलं नाही. संडासात लोकांनी सामान रचलं होतं, दारात माणसं झोपली होती, आणि मी तिथेच, सगळ्यांसमोर... तुम्ही स्वतःचा शर्ट काढून माझ्या कमरेला बांधलात आणि बनियनवर उभे राहिलात. त्यानंतर मी देवगडचं नाव टाकलं. आईच्या दिवसांनाही गेले नाही. माहेर म्हणून एक ताई उरली होती, तिचं कमरेचं हाड मोडलं आणि तीही घराबाहेर पडेना. ती तिथे खाटेवर, मी इथे मुलुंडला.

अभिजित म्हणाला होता, "आई, डायपर घालून जा ना. आजकाल सगळे घालतात, त्यात काय एवढं?" वाईट मनाने नाही म्हणाला तो. पण मी हातातला घास ताटात ठेवला. तुम्ही मात्र मान खाली घालून भात कालवत होतात. हात धुवून आलात आणि म्हणालात, "रस्त्यात संडास नाही ना? मग आपण बरोबर घेऊन जाऊ." मला वाटलं, थट्टा करताय.

थट्टा कसली! अंधेरीच्या कारखान्यात टूलरूममध्ये जन्म घालवलेला माणूस रिटायर होऊन घरी बसला की दुसरं काय करणार? महिन्याभरात नाशिकच्या कुणाची तरी नकोशी झालेली ही गाडी जीपला जोडून घेऊन आलात. एक झोपायची फळी, एक शेगडी, आणि मागच्या कोपऱ्यात दाराआड संडास. पुढे चहा, मागे संडास! मी विचारलं, "देव्हारा कुठे लावणार?" तर म्हणालात, "आधी तुझी सोय, मग देवाची."

कॅसेट टॉयलेट म्हणतात त्याला, हे मी ताईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणते, "कॅसेट? गाणी लागतत काय गो तेच्यात?" मग मी तिला तुमच्यासारखंच समजावलं. वर बसायचं भांडं. त्याच्या बुडाशी सरकतं झाकण. झाकणाभोवती रबराची कडी. खाली पेटी, ती बाहेरच्या बाजूने छोटं दार उघडून सुटकेससारखी ओढून काढायची आणि घरच्या संडासात रिकामी करायची. पेटीत निळं औषध घातलं की वास नाही. ताई सगळं ऐकून म्हणाली, "तुझो घोव खुळो आसा." आणि वर, "पण असो खुळो माका गावलो नाय." हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तुम्ही डोक्यावर बसला असता!

आणि ती रंगीत तालीम? भर दुपारी कंपाउंडमध्ये मला आत बसवलंत आणि बाहेर राखणीला उभे राहिलात. आतून मला ऐकू येत होतं, वॉचमन विचारतोय, "साब, कुछ प्रॉब्लेम है?" आणि तुम्ही म्हणताय, "नाही नाही, टेस्टिंग चालू है." मी आत तोंडावर पदर दाबून हसत होते. मग ती पेटी घेऊन तुम्ही लिफ्टपाशी गेलात, तर सेक्रेटरी आडवे आले. "काका, पेटीत काय आहे?" तुम्ही म्हणालात, "बायकोचं माहेर." त्यांना काही कळलं नाही, पण त्या पेटीला लिफ्ट बंद ती बंदच. पुढे दर वेळी जिन्याने चढवलीत.

मला त्या संडासाची कामं शिकवलीत तीही शिस्तीत. "फिनेल घालायचं नाही, रबर जातं. ॲसिडचं तर नावच नको. आणि वापर असो नसो, झाकणावर कपभर पाणी ठेवायचं. रबर कोरडं पडलं की चिरतं, चिरलं की गळतं. रबर कोरडं पडू द्यायचं नाही." हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं की झोपेतसुद्धा म्हणाले असते. आणि मग तुम्ही स्वतः काय केलंत हो? झाकण जरा जड सरकतंय म्हणून निघायच्या दिवशी त्या रबराला चोळून चोळून काय लावलंत? खोबरेल तेल! पुस्तकात चांगलं लिहिलं होतं की सिलिकॉनचं मलम लावा. पण आपल्याकडे केसाला खोबरेल, कातडीला खोबरेल, करकरणाऱ्या दाराला खोबरेल, मग रबराने काय पाप केलंय?

डिसेंबर होता. दुपारी मुलुंडहून निघताना घाम येत होता. माणगावच्या पुढे पेट्रोल पंपावर मुक्काम केला. पहाटे मी उठले, आत गेले, आणि झाकण काही सरकेना. थंडीत खोबरेल थिजतं, हे तुम्हाला माहीत नव्हतं का? जन्मभर थंडीत आपल्या खिडकीत तेलाची बाटली उन्हाला ठेवलेली कुणी? मीच ठेवलेली, आणि तुम्हीच रोज उचलून डोक्याला लावलेली!

मी म्हटलं, "थोडं थांबा, ऊन येऊ द्या, आपोआप सुटेल." थांबला असतात तर! पण तुमचा हात आधी, डोकं मागाहून. दांडा धरून हिसडा मारलात. झाकण सुटलं, पण रबर फाटलं. हिसड्यासरशी रात्रीचं सगळं पेटीतून उसळून वर आलं, फरशीवर पसरलं. तुम्ही गुडघ्यांवर बसून ते पुसत होतात आणि माझ्याकडे बघत नव्हतात.

मी म्हणाले होते, आठवा. "बादली आहे ना, बादलीवर भागवीन. पुढे चला. संध्याकाळी ताईकडे पोचू." तुम्ही ताडकन म्हणालात, "माझी बायको बादलीवर बसून माहेरी जाणार? मग एवढं केलं कशाला?" आणि मग आवाज उतरवून, "एकदा नीट करू आणि थाटात जाऊ. ताई काय पळून जातेय?"

गाडी वळवलीत. मुलुंडपर्यंत मी बादलीवरच भागवलं. जितकं मागे यायला भागवलं, तितकं पुढे जायलाही भागलं असतं हो! तुमचा राग येतो तो एवढ्यासाठी. बाकी कशाचा नाही.

ते रबर आपल्याकडे कुठे मिळेना. परदेशातून मागवलं, ते वेगळ्याच मापाचं आलं. पुन्हा मागवलं. वाट बघवेना म्हणून अंधेरीला कुणाकडे तसलं मिळतं का बघायला गेलात, आणि परत येताना घाटकोपरला मेट्रोच्या जिन्यावर बसलात ते बसलातच. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा चादर वरपर्यंत ओढलेली होती. मला एकच विचारायचं आहे, रोज विचारते. तिथे जिन्यावर कुणी पाणी दिलं का हो तुम्हाला?

तेराव्यानंतर कुरियरवाला आला. पाकिटात रबराची कडी. बरोबर मापाची.

मी ती पोळपाटावर ठेवून खूप वेळ बघत बसले. मग खाली गेले आणि बसवली. पहिल्यांदा उलटी बसली, पुन्हा काढून बसवली. सिलिकॉनचं मलम आधीच आणून ठेवलं होतं, तुमच्यापासून लपवून. झाकण असं सरकलं, जशी लोण्यातून सुरी. पाणी भरून बघितलं, एक थेंब गळला नाही. तुम्हाला हाक मारायला तोंड उघडलं मी.

तेव्हापासून दर रविवारी खाली जाते. झाकण चार वेळा उघड-मीट करते, रबर ओल्या फडक्याने पुसते, मलमाचं बोट फिरवते, पेटी सुकली असेल तर खळखळून घेते. शेवटी झाकणावर कपभर पाणी. तुमचाच कप, कान तुटलेला. खालच्या बायका म्हणतात, काकूंच्या डोक्यावर परिणाम झालाय, न वापरलेला संडास धुतात. म्हणू देत.

ताई फोनवर विचारायची, "संडास दुरुस्त झालो काय गो?" मी म्हणायची, झालाय गं, एकदम झकास झालाय. "मगे कधी येतलंस?" मग मी अभिजितला विचारायची. अभिजित म्हणायचा, "मे महिन्यात बघू." मेमध्ये म्हणाला, "दिवाळीत बघू, आई. भाड्याच्या जीपने ट्रेलर ओढायचा म्हणजे खेळ आहे का? मला तो रिव्हर्ससुद्धा घेता येत नाही." खरंच येत नाही त्याला, आणि दिंडोशीहून माझ्याकडे यायलाही त्याला सुट्टी मिळत नाही. मी एकदा डायपरसुद्धा आणला. घालून घरातल्या घरात फिरले. ट्रेनचं तिकीट काढायला सांगायचं म्हणून फोन उचलला, आणि तो डबा, ती दारातली माणसं डोळ्यांपुढे आली. फोन खाली ठेवला. वाटलं, दिवाळीला जाऊच की. ताई काय पळून जातेय?

बघा, तुमचंच वाक्य माझ्या तोंडी आलं.

मंगळवारी सकाळी शैलाचा फोन आला. ताईची शैला हो, लग्न मोडून आली तेव्हापासून आईचं सगळं तिनेच केलं. तिने फोन ताईच्या कानाशी धरला. मी म्हटलं, "ताई, मी निघालेय गं." काय बोलणार दुसरं? पलीकडून नुसता श्वास. मग शैला म्हणाली, "मावशी, तुझ्या नावाचो पाण्याचो चमचो घालतंय हां तोंडात." थोड्या वेळाने म्हणाली, "घातलंय गो, पण भायर इला. गिळूक नाय तिना."

रडले नाही मी. अजूनही नाही. उठून खाली गेले, आंब्याखाली. मंगळवार होता, रविवार नव्हता, तरी गेले. कशाला गेले ते सांगता येत नाही.

अभिजितने दोन दिवसांत गिऱ्हाईक आणलं. जुहूला सँडविचची गाडी लावणार आहे म्हणे तो माणूस. चांगला आहे, हसतमुख. आत शिरून फळी ठोकून बघितली, शेगडी बघितली, मागचं दार उघडलं आणि दचकलाच. "आंटी, ये तो मैं पहले दिन निकाल देगा. खाने का धंदा है ना, लोग क्या बोलेंगे!" मी म्हटलं, पेटी तेवढी माझ्याकडे ठेवू का? अभिजित म्हणाला, "आई, काहीतरीच काय! रिकामी पेटी घेऊन काय करणार तू?" बरोबरच बोलला. काय करणार मी? जायचं कुठे आहे आता?

मी त्या माणसाला एवढंच सांगितलं की काढताना हिसडा मारू नका, आधी दांडा फिरवा, अलगद सुटतं. तो हो म्हणाला. तो ऐकणार नाही, हे मला माहीत आहे. तुम्हीच कुठे ऐकलंत!

तुमची आठवण फार येते, हे सांगायचं नव्हतं, पण सांगून टाकते. राग येतो तेव्हा जास्त येते.

आता तुम्हाला वचन काय देऊ? देवगडला जाईन, असं नाही म्हणत. तिथे माझी वाट बघणारं कुणी उरलं नाही. सावरेन, असंही नाही म्हणत. पण उद्या ती माणसं यायच्या आधी तुमचा कप घेऊन मी खाली उतरेन. तुमच्या तोंडात पाणी घालायला मी नव्हते. ताईच्याही नव्हते. पहिल्याच दिवशी तो माणूस हा संडास काढून भंगारात टाकणार आहे, तरी झाकणावर कपभर पाणी घालेन, आणि मगच त्यांना नेऊ देईन. कोरडा नाही जाणार.

तुमची,
कुमुद