दोनदा आपटलेला हात

सोमवार, ११ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. सहा वर्षांनी माझं अक्षर बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील. असू देत. इकडे आम्ही बरे. तुझ्या काकूंचा गुडघा कुरकुरतो आणि त्या माझ्यावर. आपल्या ज्युदोच्या हॉलला नव्या मॅट आल्या, जुन्यांचा वास मात्र गेला नाही. पोरं बत्तीस आहेत. त्यांतली एक मुंगी. वय अकरा, वजन दप्तराएवढं, पण एकदा चिकटली की सुटत नाही. तिला बघून मला पुन्हा शिकवावंसं वाटायला लागलं. तू गेल्यावर मी नुसती शिट्टी वाजवत होतो.

गेल्या गुरुवारी मुंगीचं कोपर निखळलं.

जोडीदारणीनं हात पिळून धरला होता. मी ओरडत होतो, "आपट! हात आपट!" मॅटवर दोनदा हात आपटला की समोरच्यानं त्याच क्षणी सोडायचं, हे आपण पहिल्या दिवशी शिकवतो. ही ओठ चावून पडून राहिली. दवाखान्यात विचारलं, "का गं नाही आपटलास?" तर म्हणते, "ताईनं कुठे आपटला होता?"

ताई म्हणजे तू. हॉलमध्ये तुझा फोटो आहे. त्याखाली मी रंगवून घेतलंय, 'मोडेन पण वाकणार नाही'. प्रत्येक नव्या पोराला तुझी गोष्ट सांगतो. तिखटमीठ लावून सांगतो.

पाल्हाळ पुरे आता.

सहा वर्षांपूर्वी त्या दिवशी पालक बघायला आले होते. त्यांच्यादेखत तू मला दोनदा पाडलंस, सोळा वर्षांची पोर. कुणीतरी हसलं. तिसऱ्या वेळी तुझा उजवा हात माझ्या पकडीत आला. तू डावा हात मॅटवर आपटलास. एकदा, दोनदा. मला ऐकू आलं. मी डोक्यात राख घालून घेतली होती, मी सोडलं नाही. मग तुझं कोपर वाजलं.

डॉक्टरांपुढे तू तोंड उघडायच्या आत मीच तुझ्या बाबांना म्हणालो, "जिद्दी आहे हो पोरगी, हात आपटलाच नाही!" बाबांची छाती फुगली. तू माझ्याकडे नुसतं पाहिलंस. पुन्हा हॉलची पायरी चढली नाहीस. मी सगळ्यांना सांगत सुटलो, तिला अभ्यास आहे.

काल वर्गापुढे सगळं सांगून टाकलं. दोन पालकांनी तिथल्या तिथे मुलं काढून घेतली, बरोबरच केलं. मुंगी हात गळ्यात अडकवून कोपऱ्यात बसली होती.

"सर, ताईला सांगितलंत?"

"नाही अजून."

"मग आम्हाला काय सांगताय? आधी तिला सांगा ना."

म्हणून हे पत्र. बाबांना दाखव. ते चिडून आले तर मी पाच ते सात हॉलवरच असतो. भिंतीवरची ओळ खरवडून टाकली. फोटो ठेवायचा की काढायचा, तू सांगशील तसं. माफी मागायचीसुद्धा लाज वाटते गं.

तू दोनदा हात आपटला होतास. मला कळलं होतं.

वेळेवर हात न सोडणारा,
तुझा सर