मेंढी बरी लिवली

३ मार्च
कथाअंगण ३१ तारखेला बंद. महेश्वरने सकाळी सूचना लावली. संकेतस्थळाला जागा देणारी कंपनी काम गुंडाळते आहे. आपापल्या कथा उतरवून घ्या, वर उजव्या कोपऱ्यात बटण आहे.
महेश्वरचं सात रस्त्याजवळ चादरींचं दुकान. सात वर्षं तो गिऱ्हाईक नसेल तेव्हा गल्ल्यावर बसून आमच्या कथा चढवत आला. स्वतः भुताच्या लिहितो.
बटण दाबलं. माझ्या एकोणीस कथा एका फाइलीत मावल्या. कथेखालच्या वाचकांच्या टिप्पण्या त्यात येत नाहीत.

४ मार्च
पुण्याहून प्रकाशकांचा फोन. संग्रहाचं नाव नक्की झालं — 'तिसरा दिवस'. माझं पहिलं पुस्तक. वय अठ्ठेचाळीस.
"सर, त्या कथेचा शेवट! मलपृष्ठावर तेवढंच छापू. दुसरं काही नको."
बरं म्हटलं.
कथेत एका बाईचं मूल जातं. तिसऱ्या दिवशी ती परातीत पीठ मळायला घेते. मग शेवटचं वाक्य: 'पिल्लू मेलं की मेंढी दोन दिवस ओरडते, तिसऱ्या दिवशी चरते, तिला कुणी नाव ठेवत नाही.'

५ मार्च
ते वाक्य माझं नाही.

६ मार्च
नीट लिहून ठेवतो.
दोन वर्षांपूर्वीचा जून. कथाअंगणावर सुंदरम्मांची मालिका चालू होती. सुंदरम्मा निवृत्त बालवाडी शिक्षिका. त्यांच्या नायिकेचं बाळ गेलं होतं आणि ती बारा भाग रडत होती. खाली चाळीस जणांनी नेहमीप्रमाणे 'पुभाप्र' लिहिलं — पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. एकीने हे लिहिलं: 'बाई, लई रडू नगा. आमच्यात पिल्लू मेलं की मेंढी दोन दिस वरडती, तिसऱ्या दिशी चरती. तिला कुनी नाव ठेवत न्हाय.'
लिहिणारी चिमाबाई. माळशिरसकडची, मेंढरं राखते. स्वतः एकही कथा लिहिलेली नाही. दुपारी मेंढरं सावलीला बसली की मोबाइलवर वाचते आणि खाली दोन ओळी लिहिते. आमची सगळ्यांची वाचक.
माझी कथा तेव्हा शेवटाशी अडली होती. परातीनंतर काय? शांततेवर सात वाक्यं लिहिली होती. सातही कापली. तिचं लावलं. बोलीचं प्रमाण केलं, एक स्वल्पविराम घातला. त्याला मी संपादन म्हणत होतो.
टिप्पणीवर तारीख ३ जून. माझ्या कथेवर १२ ऑगस्ट. दोन्ही तारखा तिथे आहेत. कुणीही पाहू शकतो. ३१ पर्यंत.

८ मार्च
लोकांत रुळलेलं बोलणं कुणा एकाचं नसतं. वर्गात मी हे दरवर्षी शिकवतो.

१० मार्च
चिमाबाईने माझ्याही कथेखाली लिहिलं होतं. आज पुन्हा पाहिलं. 'सर, मेंढी बरी लिवली.'
त्याखाली मी: जोडलेले हात.

१६ मार्च, रविवार
निरोपाची बैठक. सात रस्त्याच्या एका चहाच्या हॉटेलात, सकाळी दहाला. सात वर्षांत प्रथमच एकमेकांची तोंडं पाहिली. अकरा जण. सुंदरम्मांनी शेंगाचटणीच्या पुड्या आणल्या होत्या, प्रत्येकीवर नाव घालून. माझ्या पुडीवर 'सर (कमी बोलणारे)'.
"तुमची कथा वाचायला मला दोन मिनिटं लागतात," त्या म्हणाल्या, "आणि कळायला दोन दिवस. माझं उलटं की!"
"तुमचं कळायला काय लागतंय, अम्मा? पहिल्या ओळीतच रडणं चालू," महेश्वर म्हणाला.
"रड की मग. वाचतोस कशाला?"
"रडायलाच वाचतो की!"
हसले सगळे. चिमाबाई आली नव्हती. लांब आहे.
मग महेश्वरने विषय काढला. कंपनीला आजच कळवायचं आहे — सगळ्या कथांची एक प्रत ती देईल. टिप्पण्यांसकट हवी असेल तर तसं लिहून द्यावं लागेल. जास्तीचे पैसे नाहीत, पण महेश्वरला आठवडाभर बसावं लागेल.
"सर, तुमी सांगा. आपल्यात तुमीच शिकलेले. टिप्पण्या ठेवायच्या का?"
सगळे माझ्याकडे बघत होते.
म्हटलं, कथा ठेवा. साहित्य ते आहे. खालचं 'पुभाप्र' कशाला साठवायचं?
सुंदरम्मा म्हणाल्या, "माझ्या कथा गेल्या तरी चालतील सर. खालचं राहू दे की. लोक आपल्याशी बोललेत."
मत माझं धरलं गेलं. महेश्वरने तिथेच मोबाइलवर कंपनीला लिहिलं. फक्त कथा.
चटणीची पुडी हॉटेलातच विसरलो.

१७ मार्च
मी खोटं बोललो नाही. मत मागितलं, दिलं.

१९ मार्च
परीक्षा चालू. पर्यवेक्षणाला माझ्यासोबत जोतिराम. भूगोल शिकवतो. वडील अजून मेंढरं घेऊन हिंडतात. पेपर चालू असताना दारापाशी त्याला विचारलं — तुमच्याकडे अशी एक म्हण आहे का? वाक्य सांगितलं.
त्याने ते पुटपुटून पाहिलं. मान हलवली.
"न्हाय सर. मेंढी वरडती हे खरं. पन अशी म्हन न्हाय."
नसेल ऐकली तू, म्हटलं.
"आजीपासनं ऐकत आलोय, आनि न्हाय ऐकली व्हय? आनि ते 'नाव ठेवत न्हाय' हाय बघा — मेंढीला कोन कशाला नाव ठेवंल? हे बाईचं बोलनं हाय. तिलाच कुनीतरी नाव ठेवलं आसंल."
घंटा झाली. उत्तरपत्रिका गोळा केल्या.

२० मार्च
ऊन वाढलं. ४० अंश.

२२ मार्च
चिमाबाईच्या सगळ्या टिप्पण्या काढल्या. तिच्या नावावर टिचकी मारली की एकाखाली एक येतात. दोनशे चौदा. हे मी पूर्वी कधी केलं नव्हतं.
'या गोष्टीतली सासू खरी वाटत न्हाय. खरी सासू येवढं बोलत न्हाय, नुसती बगती.'
'आज पान्यासाठी लांब गेलतो. भाग उशिरा वाचला. राग मानू नगा.'
महेश्वरच्या भुताच्या कथेखाली: 'दादा, भूत बरं हाय, पन कुत्री का भुकली न्हाईत?'
एका टिप्पणीतही दुसऱ्यासारखं वाक्य नाही. माझ्या एकोणीस कथांबद्दल हे म्हणता येणार नाही.

२३ मार्च
चार वर्षांपूर्वीची, कुणाच्या तरी शाळेच्या कथेखाली: 'आमचा सयाजी आसता तर यंदा धावीला आसता.'
मग आठ महिन्यांनी, वेगळ्याच कथेखाली: 'तिसऱ्या दिशी मेंढरं सोडाया गेले तर जाऊ म्हनली, हिला काळीजच न्हाय. मेंढरं काय सुतक पाळत्यात व्हय? उपाशी वरडत होती.'
त्याखाली एका लेखकाने 'छान'चा अंगठा टाकला आहे.
जोतिरामचं बरोबर होतं.

२४ मार्च
महेश्वरला फोन. टिप्पण्याही ठेवू या म्हटलं.
"आता? सर, तुमीच म्हटलात की. कंपनीनं प्रत काढून पाठवली पण. परत काढत नाहीत ते." मग, "कुणाच्या टिप्पण्या पायजेत?"
म्हटलं, सगळ्यांच्या.
"सगळ्यांच्या आता न्हाई मिळत, सर."

२५ मार्च
दोनशे पानी वही आणली. उतरवून घेतो आहे. पडद्याचे फोटो काढता आले असते — अर्ध्या तासाचं काम. हाताने लिहितो. तिची बोली तशीच ठेवतो. प्रत्येकीसमोर तारीख आणि कुणाच्या कथेखाली ते.
चौतीस झाल्या.

२६ मार्च
एकोणऐंशी. बोट दुखतं.

२८ मार्च
एकशे बासष्ट. उतरवताना हात तीनदा आपोआप सुधारणा करायला गेला. तिन्ही वेळा वाक्य बिघडलं.

३० मार्च, पाडवा
दोनशे चौदा पूर्ण. शेवटची दहा दिवसांपूर्वीची, सुंदरम्मांच्या अखेरच्या भागाखाली: 'बाई आता हसली. बरं वाटलं. आता आमी दुपारचं काय करायचं?'
संध्याकाळी चिमाबाईला कथाअंगणावर खासगी निरोप लिहिला. आधी अकरा वाक्यं होती. शेवटी तीन उरली. 'तुमचं वाक्य मी न विचारता माझ्या कथेत घेतलं. ती कथा आता पुस्तकात येते आहे. तुम्ही म्हणाल तसं करीन.' खाली फोन नंबर.
पाठवला. वाचल्याची खूण आली नाही.

३१ मार्च
सकाळी पानं उघडत होती. दुपारी तीनला उघडली नाहीत. सकाळी सातला पाहिलं तेव्हा वाचल्याची खूण नव्हती.
आता दोन तारखांचा पुरावा फक्त माझ्या वहीत आहे. माझ्याच अक्षरात.

२ एप्रिल
मुद्रितं आली. सोबत मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ. काळ्यावर पांढरं, एकच वाक्य. खाली माझं नाव. देखणं झालं आहे.
दहा तारखेपर्यंत तपासून पाठवायचं.

५ एप्रिल
दुपारी अनोळखी नंबर. वारा, घंटा, कुत्र्याचं भुंकणं.
"कोन, सर व्हय? म्या चिमाबाई. तुमचं वाचलं, बंद पडलं त्या दिशी सकाळी. नंबर हातावर लिवून घेतला. फोन कराया रेंज नगं का? आमी रानात."
मी म्हटलं, चुकलं माझं.
"त्यात नवं काय? म्या तवाच वळखलं की. आपलं मेंढरू दुसऱ्याच्या कळपात शिरलं म्हनून काय वळखू येत न्हाय व्हय?"
मग बोलला का नाहीत?
"बोलले की! मेंढी बरी लिवली म्हनले. तुमी हात जोडले!" हसली. बराच वेळ हसत होती. "म्हटलं, सरांच्या रानात चारा बरा आसंल. ऱ्हाऊ दे तितं."
पुस्तकात तुमचं नाव घालतो म्हटलं.
"नाव ऱ्हाऊ द्या. पन सर, ते खोटं हाय."
काय खोटं?
"चरती म्हनून लिवलं ते. ती चरत न्हाय तिसऱ्या दिशी. कळपासंगं तोंड खाली घालती, येवढंच. लांबनं बगनाऱ्याला वाटतं, चरतीया. सुंदरम्माबाईंच्या गोष्टीतली बाई लई रडत होती. तिला जरा बरं वाटावं म्हनून तसं लिवलं म्या. गोष्टीतल्या बाईला. तुमी खरं धरून बसला!"
मी वही उघडली, ३ जूनचं पान काढलं.
"तुमी शिकल्याले. तुमाला कळाया पायजे होतं की."
कुत्रं पुन्हा भुंकलं. थांब रं, म्हणाली — मला नाही. "ठिवते सर. मेंढरं उठली."

६ एप्रिल
प्रकाशकांना फोन केला. कथेचं शेवटचं वाक्य काढा. मलपृष्ठावरचंही. संग्रहाचं नाव त्या वाक्यातून आलं आहे, तेही.
"सर, मुखपृष्ठ तयार आहे! संपादक मंडळाला कारण काय सांगू?"
म्हटलं, वाक्य दुसऱ्याचं आहे.
पलीकडून हळू आवाजात, "पण कळणार कुणाला?"
आता कुणालाच नाही, म्हटलं.
"मग?"
 मी म्हणणं मागे घेतलं नाही. ते म्हणाले, मंडळाशी बोलतो. यंदा पुस्तक होईलसं वाटत नाही.

७ एप्रिल
परवापासून तिचं नवं वाक्य डोक्यात आहे. तोंड खाली घालती, येवढंच. आधीच्या वाक्यापेक्षा चांगलं. कथा त्याचीच वाट बघत होती असं वाटतं. परातीनंतर नेमकं बसतं. एक शब्दही बदलावा लागत नाही.

९ एप्रिल
चिमाबाईला फोन लावला. चौथ्या वेळी लागला. यावेळी विचारलं. नवं वाक्य घेऊ का — तुमच्या नावानिशी, तुमच्या बोलीत?
"न्हाय," ती म्हणाली. "ते माझ्याकडंच ऱ्हाऊ द्या."
कथा आता परातीपाशी संपते. तिथपर्यंत ती माझी आहे.