पिठातलं पाऊल

प्रिय आई,

तू जाऊन वर्ष झालं आणि मी तुझ्यावर एक भुताची फिल्म केली. बारा मिनिटांची. राग आला का गं? रविवारी पुलगावला घरी बाबांना दाखवायची आहे आणि शेवटचा शॉट ठेवू की काढू, हे ठरत नाही. म्हणून लिहितेय.

तुझ्या दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी आत्याने दिव्याजवळ ताटात पीठ पसरलं आणि खोली बंद केली. सकाळी त्यावर ज्याचं पाऊल दिसेल, त्याचा जन्म गेलेल्या माणसाला मिळाला म्हणतात. पाहिलं तर मांजराचा पंजा! आयुष्यभर तू लाटणं घेऊन मांजरांच्या मागे धावलीस आणि तुला हा जन्म! मला हसू आलं होतं, खरं सांगते. बाबा मात्र ताटासमोर हात जोडून बसले.

तेव्हापासून एक पिवळी मांजर परसात आली की आपल्या भांड्यांच्या दुकानातल्या कोऱ्या वाटीत तिला दूध मिळतं. वर चौकशी, "काऊन वं, आज उशीर केला?" एवढ्या लाडाने तुझ्याशी कधी बोलले होते का ते?

हेही चाललं असतं. पण उन्हाळ्यात बाबा दुकानात चक्कर येऊन पडले. डॉक्टर म्हणाले, एकटं ठेवू नका. मी म्हटलं, माझ्याकडे बोरगाव मेघेला चला. तर म्हणतात, "ते आली अन् घर बंद दिसलं, तं कुठी जाईन?"

आई, पीठ पसरलं त्या संध्याकाळी दिव्याच्या धुराने मला गुदमरायला झालं. आत्याची पाठ वळल्यावर मी त्या खोलीची खिडकी उघडली आणि लावायची विसरले. मांजर तिथूनच आत आलं असणार. एवढंच झालं होतं. वर्षभर हे बाबांना सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून ही फिल्म. शेवटच्या शॉटमध्ये मुलीचा हात खिडकीची कडी काढतो. बाबा बघतील आणि आपोआप समजतील, असा माझा विचार. पळपुटेपणाच ना?

फिल्ममध्ये वडिलांचं काम बाबांनीच केलं. पिठातला पंजा पाहून त्यांनी दचकायचं होतं. ते वाकून नुसते बघत राहिले.

"बाबा, घाबरा ना!"

"तिले काऊन भेऊ वं मी? मले तं बरं वाटून राह्यलं."

लोक मला कोरडी म्हणतात. तुझ्या तेरवीला मी पंगतीत वाढत होते, डोळ्यांत टिपूस नव्हतं. त्या दिवशी कॅमेऱ्यामागे मात्र हमसून रडले. शॉट पार हलला. तोच ठेवलाय.

हे सगळं लिहिताना कळतंय, की असं काही माणसाला पडद्यावरून सांगू नये. खिडकीचा शॉट मी काढते. रविवारी फिल्म लावायच्या आधी बाबांसमोर बसेन आणि स्वतःच्या तोंडाने सांगेन. त्यानंतर माझ्याकडे राहायला यायचं की नाही, ते त्यांनी ठरवावं.

ते चिडतील. कसे चिडतात, तुला माहीत आहे. "जाऊ द्या ना, लेकरू हाये ते," म्हणत मध्ये पडायला या वेळी तू नसशील. तरी मी उठून जाणार नाही. त्यांचं बोलून होईपर्यंत तिथेच बसेन.

तुझी,
वैशू