मे महिन्याचं पुस्तक

३१ जानेवारी १९७४
टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दिवसभर ट्रंक लाइनी खराब. जबलपूर, रायपूर, हॅलो हॅलो. घसा सोलून निघाला. घरी आले तर हे खाटेवर, मांडीवर पुस्तक घेऊन तयारच. आज म. पु. ठरवायचं. महिन्याचं पुस्तक. लग्नापासूनची रीत आहे ही. पूर्वी दोघं आपापलं वाचायचो आणि महिनाअखेरीला एक निवडताना भांडायचो. काचबिंदूने ह्यांचे डोळे नेले तेव्हापासून मी वाचते, हे ऐकतात. भांडण मात्र दोघांचं.
ह्यांचं मत खलाशाच्या आत्मचरित्राला. माझं माहेरवाशिणींच्या गोष्टींना. खलाशी जिंकला. मला वाद घालायचं त्राण नव्हतं.

२८ फेब्रुवारी
म. पु. नाही. एकही पटलं नाही.
ह्यांनी प्रेसमध्ये इतकी वर्षं प्रुफं तपासली, आता ऐकतानाही चुका धरतात. "तिथं स्वल्पविराम असन. तू खाऊन टाकला." म्हटलं, दुपारचा डबा खायला वेळ मिळाला नाही, तोच खाल्ला. हसले. किती दिवसांनी.
घराबाहेर मात्र पडत नाहीत अजून. फाटकापर्यंत जातात आणि परत फिरतात.

२४ मार्च
दुपारनंतर आवाज बसतो. रोजचंच झालंय. सुपरवायझरबाई म्हणाल्या, गरम पाणी प्या. पिते.
शांताबाई, माझी नणंद, जरीपटक्याहून आल्या होत्या. ह्यांच्यासमोरच म्हणाल्या, "वयनी, तुमचा आवाज असा काहून येऊन राहिला? डॉक्टरले दाखवलं का?" संध्याकाळी ह्यांच्या मांडीवर पुस्तक नव्हतं. मीच काढलं नि वाचायला बसले. न वाचावं तर घर खायला उठतं.

२९ एप्रिल
स्वरतंतूंवर गाठी आहेत. डॉक्टर म्हणाले, महिनाभर एक शब्द नाही, कुजबुजसुद्धा नाही. नाहीतर आवाज कायमचा जाईल. गेला तर एक्स्चेंजमध्ये माझं काय काम. आणि घरी तरी...
रजा टाकली.
रेल्वे फाटकवाल्याची कादंबरी अर्धवट राहिली. बायको रागाने निघून गेलीय. तो रोज येणाऱ्या गाड्यांकडे बघतोय. ती येते की नाही, तिथेच थांबलो. एप्रिलचं म. पु. म्हणून राहिलंच.

३ मे
बोलणं असं: त्यांच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढायची. काल 'पाणि' लिहिलं तर म्हणे, "णी दीर्घ." तहान लागलेल्या माणसाने शुद्धलेखन बघावं?
गप्प राहिल्याने विश्रांती मिळेल वाटलं होतं. दिवसभर मनात बोलत राहते. जास्त थकते.

११ मे
शांताबाई फाटकवाला वाचायला बसल्या. अडखळत होत्या बिचाऱ्या. दोन पानांनंतर हे म्हणाले, "राहू दे वं." त्यांना लागलं. चहा न घेता गेल्या. ह्यांच्यावर रागावले, पण रागावलेलं कळवणार कसं? तळहातावर चापटी मारली. "समजलं," म्हणाले.
ऊन विलक्षण. खिडकीतल्या खसच्या ताट्यांवर पाणी मारून हात दुखले.

१९ मे
जेवण झाल्यावर मला डोळा लागला. उठले तर खाट रिकामी. न्हाणीत नाहीत, मागे नाहीत. पुस्तक नाही, काठी नाही. बाहेर काहिली. रस्त्यावर चिटपाखरू नाही. कुणाला विचारू तरी कशी? पानठेल्यावर जाऊन डोळ्यांवर हात ठेवून दाखवलं. ठेलेवाला म्हणाला, "साहेब आले होते ना बाई. पुस्तक वाचून दे म्हणत होते. इथं कोणाले येते वाचता? म्या पाणी पाजलं. तलावाकडे गेले मग."
धावले. तलाव आटलाय, पण मधे आहे पाणी. हे काठ सोडून खाली उतरत होते, उघड्या डोक्याने, एका हातात काठी, दुसऱ्यात पुस्तक. पुढे सगळा चिखल. हाक मारायला तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. मी त्यांना दिसत नाही, त्यांना ऐकू जाईल असं माझ्याजवळ काही नाही. टाळ्या वाजवत सुटले. ते थांबले. "कोण होय?" पुन्हा वाजवल्या. हलले नाहीत तिथून.
गाठलं, तळहातावर लिहिलं, मी.
पहिलं काय विचारलं तर, "बोलली नाही ना तू?"

२१ मे
ऊन लागलं. दोन दिवस ताप. कपाळावर पट्ट्या, कैरीचं पन्हं.
आज जरा बरे. म्हणाले, "शेवट समजला मले. तलावावर एक जण भेटला, चांगला वाचत होता. बायको येते वापस. रात्रीच्या गाडीनं येते, अन् फाटक उघडाले हाच असते. काही बोलत नाहीत दोघं. कंदील तिच्या हातात देते तो." सावकाश, थांबून थांबून सांगितलं. स्वल्पविरामांसकट.
तलावावर कोणीच नव्हतं. मी बघितलंय.
लिहिलं, छान.

२५ मे
पुस्तक फळीवर. शेवटची पानं चिखलाने चिकटली आहेत, पण सुटतील. केर काढताना दोनदा हातात घेतलं. ठेवून दिलं. वाचायचा कंटाळा आला, एवढंच धरून चालते.

३१ मे
उद्या डॉक्टर. आ म्हणायला लावतील. आज सकाळी न्हाणीत म्हणून बघावंसं वाटलं. धीर झाला नाही.
संध्याकाळी अंगणात खाटा टाकल्या. हे म्हणाले, "महिना संपला. निवड."
एकच तर पुस्तक होतं. लिहिलं, फाटकवाला. 'फा' काढल्याबरोबर ओळखलं त्यांनी, तरी पूर्ण लिहू दिलं.
"माझंबी तेच," म्हणाले. शेजारच्या रेडिओवर बातम्या लागल्या, संपल्या.
मग म्हणाले, "आवाज आला ना तुझा, तर एकदा शेवट वाचून दाखवजो. त्या माणसानं घाईघाईत वाचला होता."
तळहात पुढे केलेलाच होता. तो दोन्ही हातांत धरून बसले.