पोत सैल करून घेतली तेव्हा

आई, मागच्या आठवड्यात सोनोग्राफीच्या खोलीत माझ्या गळ्यावर थंडगार जेल लावलं आणि मला तू आठवलीस. माझ्या गळ्यात, थायरॉईडमध्ये, एक लहानशी गाठ निघाली आहे. हाताला लागत नाही, गिळताना अडकत नाही. ऑफिसातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या म्हणून दिसली, एवढंच. सुईने तपासली, त्यात वाईट काही आढळलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कापायची गरज नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. काल जेवताना दादांना हे सांगितलं तर ते ताटावरून उठलेच. "बघू नाय म्हणायचं पोरी. तुझ्या आईचं बघू बघू करत काय झालं ते माह्या डोळ्यांनी पाह्यलंय. काढून टाक." ऑपरेशन करायचं की थांबायचं, हे मला ठरवायचं होतं. तुझ्याशी बोलल्याशिवाय ते पक्कं वाटेना, म्हणून लिहायला बसले.

तुझा गळा भरला तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. मखमलाबादच्या मळ्यातली मेथी घेऊन तू नदीकाठच्या बाजारात बसली आहेस, मी तुझ्या पाठीला टेकून. शेजारची कोथिंबीरवाली मावशी तुझ्याकडे निरखून बघते. "काय गं वहिनी, मेथी इकती का एकटीच खाती? गळा कसा भरलाय बघा!" तू म्हणतेस, "सासूबाई तूप वाढत्यात ना रोज," आणि अख्खी रांग हसते, कारण आजीचा हात किती आखडता ते सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याकडे बारीक बाईचा गळा भरला की घराला बरे दिवस आले असं समजतात. काळ्या मण्यांची पोत रुतायला लागली तेव्हा दादांनी हौसेने सराफ बाजारातून ती नव्याने ओवून आणली, मणी वाढवून. पुढे तुझा आवाज बसला, तर बाजारात ओरडून बसला म्हणून हळद-गूळ सुरू झाला. डॉक्टरांनी प्रथम गळ्याला हात लावला तेव्हा गाठ श्वासनलिकेपर्यंत गेली होती.

आता मी कॅन्सरच्या नोंदी ठेवण्याचं काम करते. जिल्ह्यात कुणाला कधी झाला, कोण वाचलं, कोण गेलं, हे घरोघर जाऊन पडताळून घ्यायचं. गळ्याची गाठ कधीपासून आहे, असं विचारलं की बायका गप्प होतात. सटाण्याला एक बाई पदर गळ्याशी ओढून म्हणाल्या, "काहीच नही शे, ताई." मग मी विचारलं, पोत कधी सैल करून घेतलीत? त्यांनी तोंड उघडायच्या आत चुलीपासून जाऊबाई ओरडल्या, "दिवाळीला! आन् परत लगनसराईत!" दोघी हसल्या, आणि हसता हसता त्या बाईंचा हात गळ्याकडे गेला. तेव्हापासून निफाड असो नाहीतर देवळाली, मी हाच प्रश्न आधी विचारते. बायका तारीख विसरतात, पण पोत कधी वाढवली ते विसरत नाहीत.

आमच्याकडच्या नोंदींत थायरॉईडचा कॅन्सर वर्षागणिक वाढताना दिसतो. एका वार्ताहराने फोन करून विचारलं, "वाढला असंच छापू ना, मॅडम?" मी त्याला थांबायला सांगितलं, कारण मला तुझी मेथी आठवली. मी शाळेत जायला लागण्याआधी तू मला जुड्या मोजायला बसवायचीस. एकदा आत्या मदतीला आल्या आणि संध्याकाळी जुड्यांचा ढीग नेहमीपेक्षा मोठा झाला. मी नाचायला लागले. तू एक जुडी उचलून माझ्या हातात दिलीस. "आत्याची मूठ बारकी हाय. जुड्या वाढल्या, मेथी तेवढीच." आता गावोगाव सोनोग्राफी आली आहे, पूर्वी कुणाला कळल्याही नसत्या अशा बारीक गाठी सापडतात आणि त्या नोंदीत येतात. मृत्यू मात्र त्या प्रमाणात वाढलेले नाहीत. वार्ताहराला हे सांगण्याआधी माझी झोप उडाली होती. मृत्यूच मोजायचे राहिले असतील तर? तुझ्या मृत्यूच्या दाखल्यावरही 'हृदयक्रिया बंद पडल्याने' एवढंच लिहिलं आहे, कॅन्सरचं नाव नाही. म्हणून तसे दाखले असलेल्या घरी मी पुन्हा गेले, माणसं आजारी कशी पडली ते विचारलं. काही नोंदी सुधारल्या, पण चित्र फारसं बदललं नाही. वार्ताहराला सांगितलं, सापडायला लागला आहे असं लिहा. थोडाफार वाढलाही असेल, तेवढं आमच्या कागदांवरून ठामपणे सांगता येत नाही. तो हिरमुसला. मी मात्र शब्द बदलला नाही.

काल ताटावरून उठलेल्या दादांना हेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "तू गावाचं सांगती. मी तुझ्या एकटीच्या गळ्याचं इचारतोय." आई, माझ्या कामावर इतका नेमका आक्षेप अजून एकाही डॉक्टरने घेतलेला नाही. मी म्हटलं, दादा, आईच्या वेळी आपण बघू म्हणत होतो आणि बघत कुणीच नव्हतं. ह्या गाठीची मापं घेतली आहेत. पुन्हा घेतील. वाढली तर मी स्वतः ऑपरेशनची तारीख ठरवीन. मग त्यांनी विचारलं, "किती दिसांनी बघायचं?"

"तीन महिन्यांनी," मी म्हटलं. ते पुन्हा पाटावर बसले आणि भाकरी मागितली.

मी थांबणार आहे, आणि ते बरोबर आहे याची मला खात्री आहे. हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून एवढं तुला सांगते. डॉक्टरीणबाईंना आज फोन करून तीन महिन्यांची वेळ मागितली. सहा पुरेत, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, वडिलांच्या समाधानासाठी. ते त्यांच्यासाठी नव्हतं, आई.